जहाजाच्या रंगाची शाळा

अर्लकाकांच्या चित्रांत उजव्या कडेची माणसं नेहमी बारीक असतात. डावीकडे सगळं ऐसपैस. घरं रुंद, म्हशी गुबगुबीत, झाडांना भरपूर फांद्या. मध्यापर्यंत असं सुखात चालतं. मग हळूहळू गर्दी व्हायला लागते. घरं अंग चोरून उभी राहतात, गाई बोकडाएवढ्या होतात, आणि शेवटच्या चार बोटांत उरलेली माणसं एकमेकांना चिकटून, उदबत्तीच्या काड्यांसारखी.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, यात काहीतरी मोठा अर्थ असणार. मी लहान गावात शिकलेला माणूस. चित्र समजलं नाही की दोष आपलाच, असं मानायची सवय. भीत भीत विचारलं तेव्हा काका म्हणाले, “अर्थ कसला? जागा संपते.”

सिंगापूरच्या सेम्बावांगला आमच्या ब्लॉकच्या नवव्या मजल्यावर, आमच्यापासून तिसऱ्या दारात ते राहायचे. मूळचे अमेरिकेतले, टेनेसीतल्या नदीकाठच्या एका लहान गावाचे. शाळा आठवीत सुटली. चित्रकला कुणी शिकवली नाही. आयुष्यभर केलं ते काम एकच, जहाजांच्या अंगावर अक्षरं रंगवायचं. जहाजाचं नाव, बंदराचं नाव, पाणी किती चढलं ते दाखवणारे आकडे. दोरांनी टांगलेल्या फळीवर उभं राहायचं, हात पोचेल तेवढं रंगवून पूर्ण करायचं, मग फळी उजवीकडे घ्यायची. चार पावलं मागे जाऊन बघायची सोय नाही, कारण मागे समुद्र, नाहीतर गोदीचा खड्डा. जहाजावर निदान खडूनं आखून दिलेलं असायचं. चित्राला आखून कोण देणार? निवृत्त झाल्यावरही काका चित्र तसंच काढायचे. डाव्या कडेला सुरुवात, वीतभर पूर्ण, मग पुढची वीत. रेखाटन नाही, अंदाज नाही, खोडाखोड नाही. आणि एकदा ठरलं की अमुक माणूस चित्रात आहे, तर तो असणारच. “जागा संपली म्हणून कुणाला धक्क्यावर सोडून जायचं नाही,” हा त्यांचा नियम.

चित्रं कागदावर नसायची. आमच्याकडे कुणी नवं फर्निचर घेतलं की जुनं कपाट ब्लॉकखाली ठेवून देतात. काका त्याची दारं उचलून आणायचे. रंग गोदीतले ओळखीचे लोक द्यायचे, डब्याच्या तळाशी उरलेले. म्हणजे जहाजाच्या बुडाचा लाल, डेकचा हिरवा, करडा, पांढरा आणि काळा. जगात आणखी रंग आहेत हे काकांना मान्य होतं, पण डबा आल्याशिवाय ते वापरत नसत. शेजारच्या लिम आंटींच्या लहानपणच्या खेड्याचं चित्र त्यांनी काढलं, त्यात आभाळ करडं, डुकरं लाल, आणि उजव्या टोकाला स्वतः आंटी, काडीएवढ्या. आंटींनी ते बैठकीच्या खोलीत लावलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत, “सी, दॅट वन मी. होल लाइफ आय नेव्हर सो स्लिम, लाह.”

माझी त्यांची ओळख लिफ्टमध्ये झाली. डोक्यावर कपाटाचं दार घेऊन ते आत आले आणि लिफ्ट भरली. दाराखालून आवाज आला, “काम काय करतोस?”

ते इंग्रजीत बोलायचे, शब्द ओढत, सावकाश. पण मला त्यांचं बोलणं आता मराठीतच आठवतं.

मी सांगितलं, जुरोंग आयलंडवर केमिकल इंजिनिअर आहे.

“घरात आणखी कोण शिकलंय?”

“कुणी नाही. मी पहिलाच.”

“मग तू कॉलेज,” ते म्हणाले. त्या दिवसापासून आमच्या कॉरिडॉरमध्ये माझं नाव कॉलेज पडलं. लिम आंटीसुद्धा सकाळी कंपनीच्या बससाठी धावताना मला हाक मारत, “कॉलेज! अंब्रेला!” माझी बायको वैशाली हसायची. म्हणायची, “इंजिनिअरिंगला चार वर्षं घालवलीस, आता जन्मभर कॉलेजातच राहा.”

तर त्या वर्षी गावाहून फोन आला की आमची शाळा पाडणार.

परभणी जिल्ह्यातलं आमचं गाव. शाळा कौलारू, सात खोल्यांची. नवी इमारत बांधून झाली होती आणि दिवाळीच्या सुटीत जुनी पाडायची होती. त्याआधी जुन्याच पटांगणात जोगदंड सरांचा सत्कार ठरला. सरांनी त्या शाळेत जन्म घालवला. गणित शिकवायचे आणि मास्तर कमी पडले की भूगोलही. माझे वडील बाजार समितीत पोती उचलायचे. बारावीला मार्क चांगले पडले, पण पुढे कुठे जायचं, फॉर्म कुठे मिळतो, हे आमच्या घरात कुणाला माहीत असणार? सर स्वतः मला एसटीनं औरंगाबादला घेऊन गेले. प्रवेशाच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर दिवसभर मांडीवर डबा घेऊन बसले. मी आज जो काही आहे तो त्या बाकामुळे आहे. यात अतिशयोक्ती नाही.

सत्काराला मी शाल आणि नारळ देऊ शकलो असतो. पण मला वाटलं, सरांना त्यांची शाळा द्यावी. शोधलं तर शाळेचा फोटो एकही मिळाला नाही. जे होते त्यांत पुढे मुलांच्या ओळी आणि मागे भिंतीचा एक तुकडा.

काकांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले. “फोटो नाही? उत्तम. फोटोत नको ते पण येतं. तू सांग.”

मग सुरू झालं. संध्याकाळी सहा वाजता माझी बस परत यायची. साडेसहाला मी चहा घेऊन कॉरिडॉरमध्ये हजर. काका एका खुर्चीवर, दार दोन स्टुलांवर आडवं, माझ्यासाठी दुसरी खुर्ची. आणि प्रश्न.

“घंटा कुठे?”

“रुळाचा तुकडा होता. लिंबाला टांगलेला.”

“वाजवायचं कोण?”

“गणपत शिपाई.”

“कुठल्या हातानं?”

आता हे मला कसं आठवणार? “काका, काय फरक पडतो?”

“तुला पडत नसेल. गणपतला पडतो.”

मी आईला फोन लावला. आई म्हणाली, “अरे, तुला तिथं सिंगापूरला कामधंदा नाही का? एवढ्या लांबून फोन करतोस आणि गणपतचा हात विचारतोस!” पण दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. “विचारलं मी. डावखुरा आहे म्हणे. आणि तो म्हणतोय, डोक्याला टोपी दाखवा, टक्कल नको.”

टोपी दाखवली. डेकच्या हिरव्या रंगाची.

काकांचा दुसरा हट्ट म्हणजे मालकी. चित्रात एकही जनावर बेवारशी चालायचं नाही. “ही शेळी कोणाची?” हा प्रश्न मी त्या दोन महिन्यांत इतक्यांदा ऐकला की ऑफिसात एखादा व्हॉल्व्ह दिसला तरी मनात यायचं, हा कोणाचा? मालकाचं नाव कळलं की ते शेळीखाली अगदी बारीक, सुबक अक्षरांत लिहायचे. मी मराठीत कागदावर लिहून द्यायचो आणि ते बघून जसंच्या तसं काढायचे. वाचता येत नव्हतं, पण अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. “नाव नसलेलं जहाज बंदर सोडत नाही,” ते म्हणायचे. “शेळीनं का सोडावं?”

भिंती मात्र जहाजाच्या बुडाच्या लाल झाल्या. मी म्हटलं, “काका, आमच्या शाळेला पांढरा चुना होता.”

“पांढरा थोडाच उरलाय. कपड्यांना लागेल. तुमच्याकडे मुलं पांढरे शर्ट घालतात म्हणालास ना?”

“आणि आभाळ? निळं नको?”

“निळा डबा आला तर बघू.”

तो आला नाही. 

ऑक्टोबर उजाडला तोवर चित्र जवळजवळ पूर्ण झालं होतं. लिंब, घंटा, गणपत, सात खोल्या, मुलींची रांग, मुलांची रांग, सगळं जागेवर. राहिली होती उजवीकडची वीत. तिथे यायची पाण्याची टाकी आणि टाकीजवळ सायकल धरून उभे असलेले सर. ज्यांच्यासाठी चित्र, तेच शेवटच्या चार बोटांत! मी अजीजीनं म्हटलं, “काका, नियम माहीत आहे, पण एकदाच सरांपासून सुरुवात केली असती तर?”

“दोर डावीकडून सुटतो, कॉलेज.”

वैशालीनं समजूत घातली, “तुझे सर तसेही किडकिडीतच आहेत की. शोभून दिसतील.”

माझं विमान शुक्रवारचं. चित्र गुरुवारपर्यंत हातात हवं होतं. आणि नेमकी ती शेवटची वीत काही केल्या पुढे जाईना. रोज संध्याकाळी जावं तर तिथे नुकता पांढरा हात दिलेला. विचारलं की, टाकीचं झाकण चुकलं होतं. दुसऱ्या दिवशी, सायकलचं चाक चुकलं. तिसऱ्या दिवशी, टाकीच. जो माणूस जन्मात खोडाखोड करत नाही तो एका टाकीवर अडून बसला होता. आणि प्रश्न तर थांबतच नव्हते. सरांच्या शर्टाला खिसे किती? सर हसताना दात दिसायचे का? घरी कोण कोण? हे तर मी आधीच सांगितलं होतं. मी पुन्हा सांगायचो. काका मन लावून ऐकायचे, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे.

“हा माणूस तुला गंडवतोय,” वैशाली म्हणाली. “त्याला सर काढता येत नाहीयेत. सरळ सांग, टाकी राहू दे, माझे मास्तर तेवढे उभे कर.”

“असं कसं सांगू?”

“मग घेऊन जा अर्धी शाळा. नाहीतरी पाडणारच आहेत.”

मी फार रडकुंडीला आलो होतो. सरांच्या पुढ्यात काय ठेवायचं? उजवीकडे पांढरी पट्टी आणि माझी सबब?

बुधवारी प्लँटमध्ये मोठी दुरुस्ती निघाली आणि आम्हाला दुपारीच घरी सोडलं. लिफ्टमधून बाहेर आलो तर कॉरिडॉरमध्ये काका नव्हते. चित्र स्टुलांवर होतं. लिम आंटी कुंड्यांना पाणी घालत होत्या.

“अर्ल गो क्लिनिक,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं, आणि हातातला मग खाली ठेवला. “कॉलेज, आय टेल यू, यू डोन्ट स्कोल्ड हिम, हां. धिस वन फिनिश ऑलरेडी. थ्री वीक ऑलरेडी.”

मला कळेना.

“युवर टीचर, बायसिकल, एव्हरीथिंग. व्हेरी नाइस. नेक्स्ट मॉर्निंग आय कम आउट, ही पेंट व्हाइट. इव्हनिंग यू कम, ही स्टार्ट अगेन. एव्हरी डे लाइक दॅट.” त्यांनी माझ्या रोजच्या खुर्चीकडे बोट केलं. “आफ्टर हिज वाइफ गॉन, नो वन सिट दॅट चेअर, यू नो.”

काकांची बायको इथलीच, लिम आंटींची मैत्रीण. आम्ही राहायला यायच्या आधीच ती गेली होती. ती कधी विषयात यायची नाही, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. दोन महिने रोज तासभर मी त्या माणसाशी बोललो. गणपतचा हात, शेळ्यांचे मालक, माझ्या वडिलांची पोती, सगळं सांगितलं. त्यांना मात्र मी एकही प्रश्न विचारला नव्हता.

वाकून पाहिलं. पांढरा रंग पातळ होता. त्याच्याखालून सर दिसत होते.

संध्याकाळी मी नेहमीसारखा चहा घेऊन गेलो. वैशालीला सगळं सांगितलं होतं. तिनं काकांसाठी डब्यात दोन थालीपीठं घातली आणि वर लोण्याचा गोळा ठेवला. काकांनी ब्रश उचलला आणि विचारलं, “टाकीला पायऱ्या किती म्हणालास?”

“पाच,” मी म्हटलं. मग म्हटलं, “काका, टेनेसीत तुमच्या शाळेला टाकी होती का?”

त्यांचा ब्रश थांबला. “नदी होती,” ते म्हणाले. आणि त्या संध्याकाळी प्रथमच ते बोलले आणि मी ऐकलं. नदीचं, बापाचं, आणि बापानं कोठारांवर रंगवलेल्या तंबाखूच्या जाहिरातींचं. उठताना मी एवढंच म्हटलं, “शुक्रवारी माझं विमान आहे.”

“माहीत आहे,” ते म्हणाले. ब्रश पुसत राहिले.

गुरुवारी चित्र पूर्ण होतं. आणि सर बारीक नव्हते! काकांनी दाराच्या उजव्या कडेला कपाटाचीच एक फळी बिजागऱ्यांनी जोडली होती, पुस्तकासारखी मिटणारी. त्या सबंध फळीवर एकटे सर, सायकल धरून, गणपतपेक्षाही रुंद खांद्यांचे, पायात गोदीतल्या कामगारासारखे जाडजूड बूट.

“तुझ्या सरांसाठी,” काका म्हणाले, “जहाज थोडं लांबवलं.”

ते जहाज परभणीला नेणं ही वेगळी कथा आहे. मुंबई विमानतळावर कस्टमवाल्यानं विचारलं, “इसमें क्या है?”

“दरवाज़ा.”

“सिंगापुर से दरवाज़ा लाए हो?” त्यानं दुसऱ्याला बोलावलं. दोघांनी चादर सोडून चित्र उघडलं. दुसरा साहेब बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “बकरी के नीचे क्या लिखा है?” मी मालकाचं नाव सांगितलं. त्यानंतर त्यांनी काहीच विचारलं नाही. पुढे रेल्वेत चित्र बर्थखाली मावेना, म्हणून बर्थवर शाळा झोपली आणि मी शेजारी बसून गेलो.

सत्कार छान झाला. लोकांनी चित्रात आपापली शेळी शोधली. गणपतनं टोपी पाहिली आणि डोळे पुसले. सर मात्र चष्मा कपाळावर चढवून, नाक लाकडाला लागेल इतकं जवळ जाऊन, डावीकडून उजवीकडे सगळी शाळा वाचत गेले. मी घाबरून उभा. तिमाहीचा पेपर तपासताना उभा राहायचो तसा.

“आवडलं का, सर?”

“चुका आहेत,” सर म्हणाले.

निघायच्या दिवशी ते घरी आले आणि पाकीट माझ्या हातात दिलं. “त्या गृहस्थांना वाचून दाखव. म्हणावं, हात चांगला आहे. पण दुसरी प्रत काढताना एवढं सुधारून घ्या.”

दुसरी प्रत कोण काढतंय, हे म्हणायचा धीर मला झाला नाही.

परत आलो त्या संध्याकाळी कॉरिडॉर अगदी नीटनेटका होता. स्टुलं भिंतीला लावलेली, ब्रश धुऊन डब्यात उभे. काका खुर्चीवर बसून समोरच्या ब्लॉककडे बघत होते. दुसरी खुर्ची घडी करून आत ठेवलेली दिसत होती.

“आलास,” ते म्हणाले. नजर ब्लॉकवरच. “आवडलं का त्यांना?”

“चुका काढल्यात,” मी म्हटलं.

आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “चुका?”

“पत्र दिलंय. म्हणालेत, दुसरी प्रत काढा, सुधारून.”

काका उठले. आत गेले, खुर्ची घेऊन आले, उघडली, फडक्यानं पुसली. मग कानामागे पेन्सिल खोवून समोर बसले. “वाच. सावकाश.”

सरांचं अक्षर टपोरं, एकेका चुकीला क्रमांक घातलेला. मी इंग्रजी करत वाचू लागलो. पहिली, रुळाचा तुकडा दक्षिणेकडच्या फांदीला होता, पूर्वेकडच्या नव्हे. काकांनी हात वर केला, दक्षिण म्हणजे टाकीच्या बाजूला का? त्यावर वीस मिनिटं गेली. दुसरी, चौथ्या खोलीची खिडकी उघडतच नसे, चित्रात उघडी आहे. का उघडत नसे? कोणी ठोकली? तिसरी, मी जन्मात बूट घातले नाहीत, कृपया चप्पल दाखवावी.

“चप्पल!” काका मांडीवर थाप मारून म्हणाले. “त्याच्या पायांचं मी विचारायला हवं होतं.”

“चौथी,” मी वाचलं, “माझ्या सायकलला मागे कॅरिअर होतं, ते चित्रकारांनी दाखवलेलं नाही. हा मुलगा औरंगाबादला निघाला त्या पहाटे त्याच कॅरिअरवर बसून स्टँडपर्यंत आला होता. ट्रंक त्याच्या मांडीवर होती.”

मला हे आठवतच नव्हतं. मी ती ओळ मनातल्या मनात पुन्हा एकदा वाचली. काकांनी घाई केली नाही. त्यांनी पेन्सिल काढून आपल्या हाताच्या पंजावरच कॅरिअर काढून पाहिलं, ट्रंकसकट.

“मजबूत हवं,” ते म्हणाले. “मुलगा आणि ट्रंक. आणखी?”

मी कागदाकडे पाहिलं. चौथ्या चुकीनंतर आशीर्वाद होता आणि सही. बस्स. काका पेन्सिल धरून थांबले होते, पुढे झुकून, डोळे माझ्या तोंडाकडे.

“आहे ना,” मी म्हणालो. पान उलटून कोरी बाजू माझ्याकडे केली आणि वाचायला लागलो, “पाचवी चूक...”